झोपायचा कोनाडा

कोनाडा म्हटला की आपल्याला भिंतीतला लहानसा खळगा आठवतो. त्यात दिवा असतो, देव असतो, नाही तर काड्यापेटी असते. पण माणूस आडवा होईल एवढा मोठा कोनाडाही असतो. शहरातल्या लहान घरांत तो पुष्कळ ठिकाणी दिसतो. खोलीच्या एका कोपऱ्यात मोरीची भिंत पुढे आलेली असते. तिच्या बाजूला तीन भिंतींच्या मध्ये खोलगट जागा उरते. चौथी बाजू खोलीकडे मोकळी असते. तिथे कोणीतरी झोपते. बहुधा घरातले म्हातारे माणूस किंवा लहान मूल.

या जागेत झोपायची सोय तशीच ठेवून सामानाची सोय कशी करता येईल, ते आज आपण पाहू.

जागा किती?

मुंबईच्या बी. डी. डी. चाळी तुम्हाला ऐकून ठाऊक असतील. १९२० साली मुंबई सरकारने डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचे खाते काढले. त्या खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे कामगारांसाठी चाळी बांधल्या. बी. डी. डी. हे नाव त्यावरूनच पडले. एका कुटुंबाला एक खोली मिळे. खोली १६० चौरस फुटांची. आता या चाळी पाडून नवी घरे बांधणे चालू आहे. २०२५ सालच्या ऑगस्टात वरळीच्या काही कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. पण एका खोलीत संसार करणारी माणसे आजही सगळ्या शहरांत आहेत.

समजा, १६० चौरस फुटांत सहा माणसे राहतात. १६० ला ६ ने भागा. एका माणसाच्या वाट्याला जवळजवळ २७ चौरस फूट आले.

आता आपला कोनाडा मोजू. समजा, तो ७ फूट लांब आणि ४ फूट खोल आहे. सात चोक अठ्ठावीस. म्हणजे २८ चौरस फूट. पाहिलेत? कोनाडा म्हणजे एका माणसाचा पुरा वाटा. तो नुसत्या ट्रंका आणि गाठोड्यांनी भरून टाकला, तर घरातल्या एका माणसाची जागा सामानाला दिली असे होते.

पुष्कळ घरांत असेच घडते. आधी एक ट्रंक येते. मग तिच्यावर गाद्यांची वळकटी. मग लग्नातली भांडी. "आजी, तू आजच्या दिवस दाराशी झोप हं," असे कोणीतरी म्हणते. तो आजचा दिवस मग संपतच नाही. म्हणून कामाला हात घालण्याआधी कोनाड्यात जो झोपतो त्याला विचारा. उठताना धरायला काय लागते? रात्री पाण्याचा तांब्या कुठे हवा? कोणते गाठोडे हाताशी पाहिजे? जागा सामानाला मिळाली आणि माणसाची गेली, तर ते काम फसले असेच आम्ही म्हणू.

माप घेणे

मोजायची टेप घ्या. तिच्या एका कडेला इंच असतात, दुसऱ्या कडेला सेंटिमीटर. १२ इंचांचा १ फूट. १ फूट म्हणजे सुमारे साडेतीस सेंटिमीटर. सुतार आणखी एक माप बोलतो, ते म्हणजे सूत. ८ सुतांचा १ इंच. दुकानात प्लायवूड मिलिमीटरमध्ये मिळते. १९ मिलिमीटर म्हणजे पाऊण इंच, म्हणजे ६ सूत. ही तिन्ही मापे कळली की दुकानदार आणि मिस्त्री काय बोलतात ते समजते.

भिंत सरळ दिसते, पण असतेच असे नाही. म्हणून कोनाड्याची लांबी तीन ठिकाणी मोजा. मागे, मधे आणि पुढे. तीन मापे वेगळी आली तर सर्वांत लहान माप धरा. मोठे माप धरले तर पेटी आत जाणारच नाही.

कोपरा काटकोनात आहे की नाही, हे पाहायला सुताराजवळ गुण्या असतो. आपल्याला एक दोरी पुरे. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर खूण करा. दुसऱ्या भिंतीवर ४ फुटांवर खूण करा. दोन्ही खुणांमधले अंतर बरोबर ५ फूट आले, तर कोपरा काटकोनात आहे. कमी-जास्त आले, तर कोपरा तिरपा आहे. मिस्त्रीला तसे आधीच सांगा.

खाली पेटी, मध्ये माणूस, वर माळा

कोनाड्याची उंची १० फूट धरू, म्हणजे १२० इंच. तिचे तीन भाग करायचे. खाली सामानाची पेटी, तिच्यावर अंथरूण, आणि डोक्याच्या पुष्कळ वर माळा.

पेटीची उंची १८ इंच ठेवा. हे माप खुर्चीच्या उंचीएवढे आहे. जमिनीवरून उठताना म्हाताऱ्या माणसाचे गुडघे दुखतात. १८ इंचांवरून उठणे त्याला सोपे जाते. म्हणजे सामानाचीही सोय झाली आणि गुडघ्यांचीही.

पेटीवर ४ इंचांची गादी आली. १८ आणि ४ मिळून २२ इंच. माणूस गादीवर ताठ बसला की डोक्यापर्यंत सुमारे ३६ इंच लागतात. २२ आणि ३६ मिळून ५८ इंच. माळ्याची खालची बाजू आपण ७ फुटांवर, म्हणजे ८४ इंचांवर ठेवू. डोक्यावर २६ इंच मोकळे राहिले. कोणी म्हणेल, "एवढी जागा रिकामी कशाला? माळा खाली घ्या की!" तसे करू नका. तीन बाजूंनी भिंत आहे. त्यात छप्पर खाली आले तर झोपणाऱ्याला वारा लागत नाही. रात्री दचकून उठणाऱ्याचे डोके आपटते ते वेगळेच.

माळ्याची चौकट आणि फळी मिळून ४ इंच धरा. ८४ आणि ४ मिळून ८८ इंच. १२० मधून ८८ गेले, राहिले ३२ इंच. एवढी उंची सामानाला पुरे.

पेटी कशी असावी?

पेटी साडेसहा फूट लांब करायची. दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच सोडायचे. तिथे माळ्याचे खांब येतील. मागच्या भिंतीपासून २ इंच फट ठेवायची. म्हणजे पेटीची रुंदी ३ फूट १० इंच झाली. एक मोठे माणूस आणि एक मूल तिच्यावर नीट झोपते.

प्लायवूडचा तक्ता ८ फूट लांब आणि ४ फूट रुंद येतो. पेटीला तीन तक्ते लागतील. एका तक्त्यातून तळ निघतो. दुसऱ्यातून वरची झाकणे निघतात. त्या दोन्हींतून दीड फूट रुंदीचा एकेक तुकडा उरतो. तो फेकू नका. त्यातून पेटीचे मधले दोन पडदे निघतात. तिसरा तक्ता साडेचौदा इंच रुंदीच्या तीन लांब पट्ट्यांत कापा. एक पट्टी पुढे, एक मागे, आणि तिसरीचे दोन तुकडे दोन बाजूंना. पेटी झाली. चौथा तक्ता माळ्याला.

पेटीला २ इंचांचे पाय लावा. पायांची उंची २ इंच, तळ पाऊण इंच, बाजू साडेचौदा इंच आणि झाकण पाऊण इंच. बेरीज करून पाहा. बरोबर १८ येते.

या पेटीत लाकडाची जाडी वजा करून २८ घनफूट जागा मिळते. नेहमीचे लोखंडी कपाट साडेसहा फूट उंच, ३ फूट रुंद आणि दीड फूट खोल असते. त्यात सुमारे २९ घनफूट जागा असते. म्हणजे अंथरुणाखाली आपण जवळजवळ एक कपाट लपवले!

दोन पडद्यांमुळे पेटीचे तीन कप्पे होतात. प्रत्येकाला वेगळे झाकण द्या. एकच मोठे झाकण केले तर ते उचलणार कोण? तीन भागांतले एक झाकणही आठ-दहा किलोंचे होते. वर गादी असते ती निराळी. म्हणून रोजच्या वस्तूंसाठी पुढच्या बाजूला लहान दारे ठेवा. पण आपला हात दोन फुटांपर्यंतच पोहोचतो आणि कप्पा त्याच्या जवळजवळ दुप्पट खोल आहे. तेव्हा पुढच्या भागात रोजचे ठेवा. मागच्या भागात वर्षातून एकदा लागणारे ठेवा, ते झाकण उघडून काढता येईल.

आता एक गोष्ट फार महत्त्वाची. मुले लपंडाव खेळतात. पेटी दिसली की आत शिरतात. झाकण पडले आणि बाहेरून कडी बसली, तर आतला आवाज गादीखाली ऐकूही येत नाही. म्हणून झाकणाला आपोआप बसणारी कडी कधीही लावू नका. पेटीच्या पुढच्या बाजूला बोटभर व्यासाची भोके पाडा, पाच-सहा प्रत्येक कप्प्याला. त्यांतून हवा खेळते. कोंडलेल्या मुलाला श्वास मिळतो आणि कपड्यांना कुबट वासही येत नाही.

माळा कशावर उभा राहतो?

माळ्याखाली आपले माणूस झोपणार आहे. म्हणून इथे काटकसर चालत नाही.

घरातली लाकडी फूटपट्टी घ्या. तिची दोन टोके दोन पुस्तकांवर टेकवून ती आडवी ठेवा आणि मध्ये बोटाने दाबा. ती वाकते. आता तीच पट्टी कडेवर उभी धरा आणि दाबा. ती वाकत नाही. लाकूड तेच, पण उभे ठेवले की ताठ होते. ४ इंच रुंद आणि १ इंच जाड पट्टी उभी ठेवली, तर ती आडवीपेक्षा सोळापट ताठ असते. म्हणून फळीखालच्या पट्ट्या नेहमी उभ्या बसवतात.

दुसरा नियम लांबीचा. एका फळीच्या मध्यावर वजन ठेवले आणि ती थोडी वाकली. तशीच फळी दुप्पट लांब घेतली आणि तेच वजन ठेवले, तर ती दुप्पट नव्हे, आठपट वाकते. म्हणून माळ्याच्या पट्ट्या ७ फुटांच्या बाजूने घालू नका. मागून पुढे, ४ फुटांच्या बाजूने घाला. दर दोन फुटांनी एक.

या पट्ट्यांची टोके मागच्या आणि पुढच्या तुळईवर टेकतात. तुळया कशावर टेकवायच्या? पुष्कळ जण भिंतीत खिळे ठोकतात आणि त्यांवर भार टाकतात. जुन्या भिंतीचा गिलावा भुसभुशीत असतो. आतली वीट कधी आडवी ४ इंचांचीच असते. असा खिळा आज धरतो आणि उद्या निसटतो. त्यापेक्षा चार कोपऱ्यांत चार खांब उभे करा. शेतातले मंचाण कसे असते? स्वतःच्या पायांवर उभे असते. आपला माळाही तसाच हवा. सगळा भार खांबांतून जमिनीवर जाईल. भिंतीला फक्त तो हलू नये म्हणून जोडायचे.

खांब आणि तुळया नटबोल्टने जोडा. उद्या चाळ पाडायची ठरली, नाही तर घर बदलायचे झाले, तर मंचाण सोडवून सोबत नेता येते. भाड्याच्या घरात एवढा खर्च करताना हा विचार हवाच.

भिंत फोडून कोनाडा मोठा करायचा मोह मात्र आवरा. कोणती भिंत वरचा भार घेते हे डोळ्यांनी कळत नाही. खांब, तुळई आणि स्लॅबला छिन्नी लावू नका. घरमालकाला किंवा सोसायटीला आधी सांगा. काम मोठे असेल तर लेखी परवानगी घ्या आणि तो कागद जपून ठेवा.

जड खाली, हलके वर

माळ्यावर सुमारे ७१ घनफूट जागा निघते. म्हणून ती सगळी भरायची असे नाही. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशा डब्यात तांदूळ भरला, तर तो सुमारे २२ किलो भरतो. पाणी भरले तर २८ किलो. असे दहाच डबे तांदूळ माळ्यावर ठेवले, तर २२० किलो वजन झाले. म्हणजे चार मोठी माणसे झोपलेल्या आजीच्या डोक्यावर बसवल्यासारखे झाले.

म्हणून जड ते खाली. पितळेची भांडी, धान्य, पुस्तके, हत्यारे पेटीत ठेवा. हलके ते वर. रजया, रिकाम्या बॅगा, गणपतीचे मखर, थंडीचे कपडे माळ्यावर ठेवा. किती वजन ठेवणार, ते मिस्त्रीला आधीच सांगा. खांब आणि तुळई किती जाड हवी, ते तो त्यावरून ठरवील. माळ्याच्या पुढच्या कडेला चार बोटे उंच पट्टी मारा. तिच्यामुळे वस्तू घरंगळून खाली पडत नाहीत.

बांधकामाच्या राष्ट्रीय नियमसंग्रहात माळा म्हणजे सामान ठेवण्याची जागा आहे, आणि तिची उंची दीड मीटरच्या आतच धरली आहे. तिथे माणसाने झोपावे असे धरलेलेच नाही. तरी काही घरांत पोरांना वर झोपवतात. आपल्या माळ्याला ३२ इंच उंची आहे. मोठे माणूस तिथे ताठ बसूही शकत नाही. गरम हवा वर चढते, म्हणून उन्हाळ्यात तिथे जीव घुसमटतो. झोपेत कुशीवर वळताना खाली पडण्याची भीती आहेच. तेव्हा वर सामान, खाली माणूस. ही वाटणी मोडू नका.

माळ्यावर चढायला शिडी हवी. शिडी टेकवायचा सोपा नियम असा. चार फूट उंचीला पाय एक फूट पुढे. माळा ७ फुटांवर आहे, तर शिडीचा पाय पावणेदोन फूट पुढे ठेवा. चढताना एकाने खाली धरावी.

ओल, ढेकूण आणि आग

पावसाळ्यात बाहेरची भिंत पाझरते. मोरीची भिंत तर बारा महिने ओली. म्हणून लाकूड भिंतीला चिकटवू नका. मागे सोडलेली २ इंचांची फट आणि खालचे पाय याचसाठी आहेत. प्लायवूड पाण्यात टिकणारे घ्या. वाळवीला ओल आवडते. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर वाळवी आली असे समजा. आधी तिचा बंदोबस्त करा, मग लाकूड आणा.

ढेकूण लाकडाच्या फटीत राहतात. सांधे नीट भरून रंग द्या. महिन्यातून एकदा गाद्या उन्हात टाका आणि पेटी पुसून कोरडी करा.

कोनाड्यात स्टोव्ह, गॅसची टाकी किंवा रॉकेल ठेवू नका. डासांची उदबत्ती आत लावू नका. तीन बाजूंनी बंद जागेत धूर कोंडतो, आणि गादीला ठिणगी लागायला वेळ लागत नाही. मोबाईल उशाखाली ठेवून चार्ज करू नका. विजेचा बोर्ड पेटीच्या मागे दडवू नका. बटण लगेच हाताला लागले पाहिजे.

आता लिहायचे काम

सामान ठेवणे सोपे असते, शोधणे अवघड असते. "अगं, रेशनकार्ड कुठल्या ट्रंकेत?" असे म्हणत सगळे घर उपसले जाते. आता तुम्हाला लिहिता येते. त्याचा उपयोग इथे करा. पेटीच्या तीन कप्प्यांवर १, २, ३ आकडे घाला. माळ्यावरच्या बोचक्यांना ४, ५, ६. एका कागदावर आकडा आणि त्यापुढे वस्तूंची नावे लिहा. तो कागद झाकणाच्या आतून चिकटवा. खरेदीखत, जन्माचा दाखला, पासबुक यांसारखे कागद पत्र्याच्या डब्यात घाला. तो डबा पुढच्या दाराशी ठेवा. आग लागली किंवा पाणी भरले, तर घरातले कोणीही तो उचलून बाहेर पडेल.

मिस्त्रीला काम देण्याआधी हेही लिहून काढा: कोनाड्याची तिन्ही मापे, तक्ते किती, जाडी किती सूत, मजुरी किती आणि काम कधी पुरे होणार. कागदाखाली दोघांनी सही करा. आजवर मिस्त्री सांगेल ते माप आणि तो म्हणेल ती किंमत, असे चालले असेल. आता टेप तुमच्या हातात आहे आणि आकडेही तुम्हाला वाचता येतात.

आणि कप्पा क्रमांक १ चे दार आजीच्या हाताशी ठेवा. त्यात तिचे गाठोडे राहू द्या. त्यात काय आहे, ते कागदावर लिहिण्याचे कारण नाही.